एकाच दिवशी तपासलेले चार डोळे

पत्र थोडक्यात असं आहे:

"डॉक्टर, माझा रंग सावळा, डोळे काळेभोर. माझे यजमान युरोपीय वंशाचे, डोळे निळे. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी डोळे तपासून घेतले. त्यांच्या डोळ्यांत एकदाच थेंब घातले आणि थोड्या वेळात आत बोलावलं. माझ्या डोळ्यांत तीनदा घालावे लागले. मग मला सांगितलं की डोळ्याच्या नसेतला खळगा मोठा दिसतोय, काचबिंदूची शंका आहे. मशीनच्या रिपोर्टवर एके ठिकाणी लाल रंग आला होता. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर तपकिरी छटा आहे म्हणून कधी कावीळ झाली होती का, असंही विचारलं. घाबरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, 'काही नाही, तुमच्या लोकांचे डोळे असेच असतात.' त्या वाक्यानं बरं वाटायला हवं होतं, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. निरोगी डोळासुद्धा वंशावर ठरतो का? आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. फोटोत तिच्या बाबांच्या बाहुल्या लालभडक येतात, माझ्या येत नाहीत, तिच्या मध्येच कुठेतरी. तिनं कोणाचे डोळे घेतले असतील, आणि यात काळजी करण्यासारखं काही आहे का?"

प्रिय ताई,

तुम्ही घाबरलात यात नवल नाही. एका डॉक्टरांनी तुमच्या डोळ्याला आजारी ठरवलं, दुसऱ्यांनी न मोजताच निरोगी ठरवलं, आणि 'का' हे कुणीच सांगितलं नाही. ते आज सांगते. जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातला एकेक मुद्दा डोळ्याच्या एकेका भागाशी जाऊन भिडतो.

थेंबांपासून सुरुवात करू. बाहुलीभोवतीचं जे रंगीत कडं असतं, ते बुबुळ. त्यात मेलॅनिन असतं, म्हणजे त्वचेला रंग देणारं तेच द्रव्य. काळ्या आणि निळ्या डोळ्यांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींत किती मेलॅनिन साठलंय याचा. निळ्या डोळ्यात निळं असं काहीच नसतं. पुढच्या थरात मेलॅनिन फार कमी, म्हणून आत शिरलेल्या प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरला जातो आणि आपल्याला डोळा निळा दिसतो. तुमच्या यजमानांच्या डोळ्यांत जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा निराळा रंग नाही, फक्त आहे तोच रंग कमी आहे.

आता बाहुली मोठी करायला घालतात ते औषध मेलॅनिनला चिकटून बसतं. काळ्याभोर बुबुळात बरंचसं औषध रंगातच अडकतं, स्नायूंपर्यंत सावकाश पोचतं. म्हणून गडद डोळ्यांत थेंब पुन्हा पुन्हा घालावे लागतात आणि तरीही बाहुली निळ्या डोळ्याइतकी झटकन उघडत नाही. माझ्याकडे रोज हे घडतं. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं बुबुळ आक्रसून कडेला नुसती निळसर रेघ उरलेली असते, आणि दुसऱ्याच्या डोळ्यात टॉर्च मारला की बाहुली अजून मिटायला बघते. तुमचे तीन थेंब म्हणजे आजाराची खूण नव्हे. मेलॅनिनची आहे.

पांढऱ्या भागावरच्या तपकिरी छटेचंही तेच. गडद वर्णाच्या माणसांत बुबुळाच्या कडेला आणि आजूबाजूला पातळ तपकिरी रंग असणं अगदी सर्रास आढळतं, बहुधा दोन्ही डोळ्यांत. काही जणांत बुबुळापासून तीन-चार मिलिमीटरवर एखादा बारीक काळपट ठिपका असतो. तिथून डोळ्याच्या भिंतीतून मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी आरपार गेलेली असते आणि तिच्यासोबत रंग बाहेर आलेला असतो. कावीळ निराळी दिसते. तिचा पिवळेपणा सगळीकडे सारखा पसरतो आणि खालची पापणी ओढून दिवसाच्या उजेडात पाहिलं तर आतल्या कोपऱ्यापर्यंत जातो. तुमच्याकडे तसं नसेल तर तो प्रश्न तिथेच संपला. एक मात्र लक्षात ठेवा: डाग एकाच डोळ्यात असेल, नव्यानं आला असेल, वाढत असेल किंवा उंचवटा धरत असेल, तर कुठल्याही वर्णाच्या माणसानं तो दाखवायलाच हवा. एकाच डोळ्याच्या पांढऱ्या भागात जन्मापासून राखाडी-निळसर रंग असणं पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत जास्त दिसतं. तेही बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण अशा डोळ्याच्या आतला दाब दरवर्षी बघावा लागतो.

आता नसेतल्या खळग्याकडे येते. खरी भीती तुम्हाला त्याची आहे आणि ती अस्थानी नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सुमारे 10 ते 12 लाख मज्जातंतू गोळा होतात आणि एका गोल दारातून मेंदूकडे निघतात. त्या दाराला आम्ही डिस्क म्हणतो. तंतू दाराच्या कडेकडेनं वळून आत जातात, म्हणून मध्ये थोडी मोकळी जागा उरते. तोच खळगा, म्हणजे कप. काचबिंदूत तंतू मरतात, कड पातळ होते आणि खळगा वाढत जातो. पण दारच मुळात मोठं असेल तर? तेवढेच तंतू मोठ्या दारातून गेले की मधली मोकळी जागा आपोआप मोठी दिसणार. तंतू एकही कमी झालेला नसतो.

हे दार प्रत्येकाचं वेगळं असतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात झालेल्या मोठ्या पाहणीत कृष्णवर्णीयांच्या डिस्कचं सरासरी क्षेत्रफळ 2.94 चौरस मिलिमीटर भरलं आणि गोऱ्यांचं 2.63, म्हणजे साधारण 12 टक्क्यांचा फरक. 1994 साली हे आकडे प्रसिद्ध झाले. तोपर्यंत, आणि खरं सांगायचं तर नंतरही, गोऱ्या लोकांच्या डोळ्यांवर घडवलेल्या नजरेनं इतरांचे खळगे पाहिले गेले आणि कित्येक धडधाकट डोळ्यांवर शंकेचा शिक्का बसला. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण तो शिक्का घेऊन माणसं वर्षानुवर्षं धसक्यात जगतात. याची दुसरी बाजूही तितकीच वाईट आहे. लहान डिस्कच्या माणसाचा खळगा आजार सुरू झाल्यावरही लहानच दिसतो आणि डॉक्टर 'छान आहे' म्हणून पाठवून देतात.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारा: "माझी डिस्क केवढी आहे? कड सगळीकडे शाबूत आहे का, विशेषतः खालच्या आणि वरच्या बाजूला?" निरोगी डोळ्यात बहुधा खालची कड सगळ्यांत जाड असते. डिस्क मोठी आणि कड शाबूत, तर मोठ्या खळग्याचं भय नाही. डिस्क मोठी आहे पण खालच्या कडेला खाच पडलीय, तर मात्र "तुमच्या लोकांचे असेच असतात" हे वाक्य धोक्याचं ठरतं. दुसऱ्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्यांचा निष्कर्ष बरोबर असेलही, पण तो त्यांनी तुमच्याकडे बघून काढला. तुमची डिस्क मोजली नाही.

रिपोर्टवरच्या लाल रंगाचं रहस्य साधं आहे. ओसीटी मशीन तुमच्या तंतूंच्या थराची जाडी मोजतं आणि आपल्या पोटात साठवलेल्या काहीशे निरोगी माणसांच्या मापांशी ताडून बघतं. त्या वयाच्या शंभरांतल्या सगळ्यांत पातळ एका माणसाइतकी जाडी आली की लाल रंग. म्हणजे शंभर ठणठणीत माणसं तपासली तरी एखाद्याला लाल येणारच. त्यातून त्या काहीशेंमध्ये तुमच्यासारख्या वंशाची, तुमच्याएवढ्या नंबराची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर लाल रंगाचा अर्थ आणखी पातळ होतो. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असला तरी असंच होतं, कारण डोळा लांबोडा असतो आणि तंतूंच्या जुड्यांची जागा थोडी सरकलेली असते. एका रिपोर्टवरून मी कुणालाही काचबिंदू आहे असं म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही.

डोळ्याच्या आतला दाब वाढला की काचबिंदूचा धोका वाढतो. त्या दाबाचा आकडा तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण तो तुमच्या फाइलमध्ये असणार. साधारण 10 ते 21 हा निरोगी पल्ला धरतात. इथेही एक मेख आहे. दाब मोजायचं गोल्डमन यंत्र डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, हलकेच दाबून सपाट करतं आणि त्याला किती जोर लागला ते सांगतं. कॉर्निया सुमारे 520 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड आहे असं धरून ते बेतलेलं आहे. कॉर्निया पातळ असेल तर जोर कमी लागतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो. जाड असेल तर उलट. दाब जास्त पण काचबिंदू नसलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. त्यात आफ्रिकी वंशाच्या सहभागींची सरासरी जाडी सुमारे 556 मायक्रॉन होती आणि इतरांची 579. मध्य भारतातल्या ग्रामीण भागात झालेल्या मोठ्या पाहणीत सर्वसाधारण लोकांची सरासरी 514 मायक्रॉन भरली. त्या पाहणीतल्या सरासरी माणसाचा '20' आणि जाड कॉर्नियाच्या माणसाचा '20' एकाच अर्थाचे नाहीत. म्हणून पॅकीमेट्री, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजायची तपासणी, एकदा करून घ्याच. दुखत नाही, मिनिटभराचं काम आहे. मात्र जाडीवरून दाब 'दुरुस्त' करणारी गणितं कुणी दिली तर त्यांवर फार भरवसा ठेवू नका. जाडी हा एक पुरावा म्हणून बाजूला ठेवायचा असतो.

आणखी एक फरक तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या कामाचा आहे. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) जिथून बाहेर झिरपतं तो कोन काही लोकसमूहांत सरासरीनं अरुंद असतो. पूर्व आशियाई लोकांत आणि आर्क्टिक प्रदेशातल्या इनुइट लोकांत हे जास्त आढळतं, भारतीय वंशाच्या लोकांतही कमी नाही. अरुंद कोनाचा डोळा निरोगीच असतो, पण कधी तो कोन अचानक बंद होऊन दाब भडकू शकतो. संध्याकाळी डोकं दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, असं कधी झालंय का ते आठवून बघा. आरशाची छोटी भिंग लावून कोन प्रत्यक्ष बघता येतो, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. काचबिंदूची शंका काढली पण कोन पाहिला नाही, तर ती तपासणी अर्धीच झाली.

आता तुमचा मूळ प्रश्न: निरोगी डोळा वंशावर ठरतो का?

मापांची सरासरी वंशानुसार थोडी बदलते, हे खरं. कुणाचे डोळे खोबणीतून जरा जास्त पुढे असतात. तेही मोजलेलं आहे. गोऱ्या पुरुषांत सरासरी साडेसोळा मिलिमीटर, कृष्णवर्णीय पुरुषांत साडेअठरा. हे ठाऊक नसलेला डॉक्टर पुढे आलेले डोळे थायरॉइडमुळे आहेत असं समजून निरोगी माणसाला थायरॉइडच्या तपासण्या करायला पाठवतो. बऱ्याच पूर्व आशियाई लोकांच्या पापणीला वरची घडी नसते, कारण पापणी उचलणाऱ्या स्नायूचे धागे त्वचेला वेगळ्या उंचीवर धरतात आणि आतली चरबी खालपर्यंत उतरते. त्यांना कमी दिसतं किंवा अरुंद दिसतं, ही निव्वळ अडाणी समजूत आहे. तुमच्या कानावर ती आली असेल तर तिथेच खोडून काढा. लाल-हिरव्या रंगातला घोळ युरोपीय वंशाच्या सुमारे 8 टक्के पुरुषांत असतो, इतर बऱ्याच समूहांत त्याहून कमी. फिकट बुबुळातून आणि डोळ्याच्या भिंतीतून प्रकाश थोडा जास्त झिरपतो, आत विखुरतो, म्हणून तुमचे यजमान उन्हात लवकर डोळे मिचकावत असतील. पण डोळ्याच्या मागच्या पडद्याला चिकटून असलेला जो रंगाचा थर आहे, त्यातलं मेलॅनिन काळ्या-गोऱ्यांत जवळपास सारखं असतं. ज्या थरावर दृष्टी उभी आहे, तिथे तुम्ही दोघं एकसारखे आहात. मला ही गोष्ट शिकताना फार आवडली होती, आजही आवडते.

आणि एकाच वंशाच्या दोन माणसांतला फरक दोन वंशांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. कॉर्नियाचंच बघा. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात दोन समूहांच्या सरासरीत वीसेक मायक्रॉनचा फरक, पण एकाच समूहातल्या दोन माणसांत पन्नास-साठ सहज निघतो. वंश सांगून तुमच्या कॉर्नियाची जाडी मला कळत नाही. ती मोजावीच लागते.

कार्याच्या बाबतीत तर वंशाला श्रेय किंवा दोष देताना फारच जपून बोलावं लागतं. थायलंड आणि म्यानमारच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मोकेन लोकांची मुलं पाण्याखाली आपल्यापेक्षा दुपटीहून बारीक दिसेल इतकं स्पष्ट बघतात. स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी 2003 साली हे मोजून दाखवलं. ती मुलं पाण्यात बाहुली 2 मिलिमीटरपेक्षाही बारीक करतात आणि डोळ्याच्या भिंगावर पुरेपूर ताण देतात. वंशाची देणगी म्हणून विषय तिथेच संपला असता, पण बाईंनी पुढे युरोपीय मुलांना सराव दिला, आणि तीही तितकंच बघू लागली. जवळच्या नजरेचा, म्हणजे मायनस नंबराचा किस्साही तसाच. चिनी वंशाच्या 6-7 वर्षांच्या मुलांची सिंगापूर आणि सिडनी अशी दोन्हीकडे तपासणी झाली. सिंगापुरात 29 टक्के मुलांना मायनस नंबर, सिडनीत जेमतेम 3 टक्क्यांना. वंश तोच. सिडनीची मुलं आठवड्याला साधारण पावणेचौदा तास उघड्यावर खेळत होती, सिंगापूरची तीन तास. मुलीच्या डोळ्यांसाठी आजपासून काय करता येईल असं तुम्ही विचाराल, तर हेच: चालायला लागली की तिला रोज भरपूर वेळ बाहेरच्या उजेडात खेळू द्या.

तुम्ही काय करायचं तेही सांगून टाकते. एकाच जागी, एकाच मशीनवर तुमचा पाया नोंदवून घ्या: डिस्कचा फोटो, ओसीटी, कॉर्नियाची जाडी, कोन, दाब आणि फील्ड, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी. सगळ्याच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा आणि जुन्याशेजारी नवं ठेवून बघायला सांगा. काचबिंदू पुढे सरकतो, मोठी डिस्क जन्मभर तशीच राहते. म्हणून तुमच्या डोळ्यासाठी तुमचाच जुना डोळा ही सर्वांत चांगली मोजपट्टी. आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण वंशापेक्षा घरातला इतिहास जास्त बोलतो. तोवर न विचारता कुठलेही थेंब सुरू करू नका, आणि डॉक्टरांनी विचार करून दिलेले असतील तर भीतीपोटी बंदही करू नका.

मुलीच्या डोळ्यांचा रंग बहुतेक तपकिरीकडे जाईल, कारण गडद रंगाची बाजू सहसा वरचढ ठरते. पण त्यात पंधराव्या गुणसूत्रावरच्या दोन जनुकांचा मोठा आणि इतर बऱ्याच जनुकांचा थोडाथोडा हात असतो, तेव्हा मधाळ किंवा हिरवट छटा आली तरी अचंबा करू नका. रंग साधारण वर्षभरात ठरतो, काहींचा त्यानंतरही हळूहळू बदलतो.

फोटोतली लाली म्हणजे फ्लॅशचा उजेड मागच्या पडद्यावरून परतताना दिसतो तो. पडद्यामागे रंग कमी असेल तर लालभडक, जास्त असेल तर मंद, नारिंगी किंवा करडी. म्हणून बाबांचे डोळे पेटल्यासारखे येतात, तुमचे येत नाहीत, आणि मुलगी मध्ये कुठेतरी. फोटोचा कोन बदलला तरी ती लाली कमीजास्त होते. तुम्ही बघायचं ते एवढंच, की तिच्या दोन्ही डोळ्यांतली झाक एकसारखी आहे का. मंद खोलीत, समोरून, ती थेट कॅमेऱ्याकडे बघत असताना चार-पाच फोटो काढा. दोन्ही बाहुल्या सारख्याच मंद असतील तर ठीक. पण एक रंगीत आणि एक पांढरी किंवा पिवळट-पांढरी असं पुन्हा पुन्हा दिसलं, किंवा एक डोळा तिरळा वाटला, तर ते फोटो घेऊन त्याच आठवड्यात लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. तिथे "आमचे डोळेच असे" असं कुणी म्हणालं तरी थेंब घालून मागचा पडदा बघितल्याशिवाय उठू नका. तिच्या डोळ्यांतही थेंब बहुधा दोन-तीनदा घालावे लागतील, तेवढा वेळ हाताशी ठेवून जा.

तुमची,
डॉक्टरताई